अँड्र्यू सलिव्हन यांची इराक युद्धविषयक भूमिका

अँड्र्यू सलिव्हन (जन्म: १० ऑगस्ट १९६३) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले लेखक, संपादक व राजकीय भाष्यकार आहेत. २००० साली त्यांनी सुरू केलेला ‘द डेली डिश’ हा ब्लॉग राजकीय भाष्याला वाहिलेल्या सुरुवातीच्या ब्लॉगांपैकी एक मानला जातो. २००३ मधील इराकवरील आक्रमणाचे त्यांनी या ब्लॉगवरून जोरदार समर्थन केले. पुढील काही वर्षांत त्यांनी ही भूमिका बदलली व आपली चूक जाहीरपणे मान्य केली. हे मतपरिवर्तन दैनंदिन नोंदींच्या रूपाने वाचकांसमोरच घडले. त्यामुळे युद्धकाळातील भाष्यकाराच्या उत्तरदायित्वाविषयीच्या चर्चेत त्यांचे उदाहरण महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

सलिव्हन यांचे शिक्षण ऑक्सफर्ड व हार्वर्ड या विद्यापीठांत झाले. हार्वर्ड येथील त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध ब्रिटिश तत्त्वज्ञ मायकेल ओकशॉट यांच्या विचारांवर होता. १९९१ ते १९९६ या काळात ते ‘द न्यू रिपब्लिक’ या नियतकालिकाचे संपादक होते. ते स्वतःला रूढिवादी विचारांचे म्हणवतात. मात्र समलिंगी विवाहाच्या हक्काचा त्यांनी १९८९ पासून पुरस्कार केल्याने त्यांना कोणत्याही एका पक्षाच्या चौकटीत बसवणे कठीण जाते.

११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर त्यांच्या लेखनाचा सूर आक्रमक झाला. त्याच महिन्यात लंडनच्या ‘द संडे टाइम्स’मधील लेखात त्यांनी अमेरिकेच्या किनारपट्टीवरील डाव्या विचारवंतांचा एक गट देशात ‘पंचमस्तंभी’ भूमिका बजावू शकेल, असे सुचवले. या विधानावर तीव्र टीका झाली व पुढे त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. चुकलेल्या राजकीय भाकितांची खिल्ली उडवणारा ‘व्हॉन हॉफमन पुरस्कार’ही त्यांच्या ब्लॉगवर दिला जात असे. अफगाणिस्तानातील मोहीम फसत असल्याचे मत नेमके तालिबानच्या पाडावाच्या सुमारास मांडणाऱ्या एका पत्रकाराच्या नावावरून हे नाव पडले होते.

युद्धाचे समर्थन

सलिव्हन यांच्या समर्थनामागे तीन मुद्दे होते. सद्दाम हुसेन यांच्या राजवटीकडे सामूहिक संहाराची अस्त्रे आहेत आणि ती दहशतवाद्यांच्या हाती पडू शकतात, हा पहिला मुद्दा होता. स्वतःच्याच नागरिकांवर अत्याचार करणारी हुकूमशाही संपवणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे, हा दुसरा. अरब जगात लोकशाही रुजल्यास अतिरेकी विचारसरणीचा आधार खचेल, हा तिसरा.

युद्धाच्या तोंडावर ‘टाइम’ साप्ताहिकातील लेखात त्यांनी ख्रिस्ती परंपरेतील ‘न्याय्य युद्ध’ या संकल्पनेच्या आधारे हे समर्थन मांडले. १९९१ चे आखाती युद्ध शस्त्रसंधीने थांबले होते आणि त्या संधीच्या अटी इराकने पाळल्या नाहीत. म्हणून नवी कारवाई हे नवे आक्रमण नसून जुन्याच युद्धाचा पुढचा भाग ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. २० मार्च २००३ रोजी आक्रमण सुरू झाले आणि ९ एप्रिल रोजी बगदाद पडले.

मतपरिवर्तन

इराकमध्ये अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. २००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास पथकाच्या अहवालाने ते आक्रमणाच्या वेळी अस्तित्वात नसल्याचे स्पष्ट केले. बगदाद पडल्यानंतरची लूटमार, अपुरे सैन्यबळ व वाढता सशस्त्र प्रतिकार यांमुळे सलिव्हन प्रशासनाच्या कार्यक्षमतेवर टीका करू लागले.

एप्रिल २००४ मध्ये अबू गरीब तुरुंगातील कैद्यांच्या छळाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. हा त्यांच्या भूमिकेतील निर्णायक टप्पा ठरला, कारण छळ थांबवणे हाच युद्धाच्या नैतिक समर्थनाचा एक आधार होता. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्याऐवजी जॉन केरी यांना पाठिंबा दिला. २००५ च्या आरंभी ‘द न्यू यॉर्क टाइम्स’मधील परीक्षणात त्यांनी एक अवघड प्रश्न उपस्थित केला. दहशतवादाविरुद्ध कठोर युद्धाचा आग्रह धरणाऱ्या आपल्यासारख्यांनी नकळत या छळाला मोकळीक तर दिली नाही ना, असा तो प्रश्न होता.

मार्च २००६ मध्ये ‘टाइम’मधील लेखात त्यांनी आपल्या चुका नोंदवल्या. गुप्तवार्तेसारख्या अनिश्चित क्षेत्रात सरकारच्या क्षमतेवर अवाजवी विश्वास ठेवणे, अमेरिकेच्या सामर्थ्याने इतरांच्या मनात निर्माण होणारा रोष न ओळखणे आणि इराकी समाजाच्या सांस्कृतिक घडणीला पुरेसे महत्त्व न देणे, या त्या तीन चुका होत. त्याच वर्षीच्या ‘द कॉन्झर्व्हेटिव्ह सोल’ या पुस्तकात त्यांनी रूढिवादाचा गाभा निश्चिततेत नसून संशयात आहे, असे प्रतिपादन केले.

डिसेंबर २००७ मध्ये ‘द अटलांटिक’मधील लेखातून त्यांनी बराक ओबामा यांच्या उमेदवारीचा पुरस्कार केला. ओबामा यांनी २००२ मध्येच या युद्धाला विरोध दर्शवला होता. २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’विरुद्ध इराकमध्ये पुन्हा लष्करी कारवाई सुरू झाली, तेव्हा मात्र सलिव्हन यांनी ओबामांवरही टीका केली.

‘आय वॉज राँग’

युद्धाला दहा वर्षे झाली तेव्हा, २०१३ मध्ये, सलिव्हन यांनी ‘आय वॉज राँग’ हे ई-पुस्तक प्रकाशित केले. त्यात इराकविषयीच्या त्यांच्या ब्लॉग-नोंदी कालक्रमाने संकलित केल्या आहेत. आपल्या चुकीचा पुरावा स्वतःच वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न होता. ‘द डेली डिश’ची मूळ मालिका फेब्रुवारी २०१५ मध्ये थांबली.

टीका व मूल्यमापन

युद्धसमर्थकांच्या दृष्टीने सलिव्हन यांनी कठीण काळात साथ सोडली. युद्धविरोधकांचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. २००३ मध्ये शंका घेणाऱ्यांच्या निष्ठेवरच प्रश्नचिन्ह लावले गेले होते आणि अशा वातावरणाला भाष्यकारांनी हातभार लावला होता. त्यामुळे नंतरच्या कबुलीने त्या हानीची भरपाई होत नाही, असे ते मानतात. २०११ अखेर अमेरिकी सैन्य परतले, तोवर सुमारे ४,५०० अमेरिकी सैनिक व एक लाखाहून अधिक इराकी नागरिक मृत्युमुखी पडले होते.

दुसरीकडे, युद्धाचे समर्थन करणाऱ्या अनेक भाष्यकारांनी आपली भूमिका कधीच तपासली नाही किंवा दोष केवळ अंमलबजावणीवर ढकलला. त्या तुलनेत सलिव्हन यांनी मूळ निर्णयाच्या समर्थनाचीही जबाबदारी स्वीकारली. दैनंदिन लेखनात मत लगेच नोंदवावे लागते आणि ते कायम जपले जाते. घाईने केलेल्या चुका आणि त्यांची दुरुस्ती या दोन्हींची नोंद त्यामुळे उपलब्ध राहिली. युद्धाविषयी लोकमत कसे घडते व कसे बदलते, याच्या अभ्यासासाठी ती उपयुक्त ठरते.