वाचनालयांतील जयंत्या आणि उन्हाळ्याची सुटी

थोरांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या सार्वजनिक वाचनालयांत साजऱ्या व्हाव्या, हें योग्यच आहे. परंतु तसबिरीस हार घातल्यावर शेजारचें कपाट उघडतें कीं नाहीं, ह्यावरच त्या समारंभाचें मोल ठरतें, असें आम्हांस वाटतें.

सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांस स्मरणदिनांची वाण नाहीं. आगरकरांचा जन्म 1856 सालीं कऱ्हाडजवळील टेंभू येथें झाला. विष्णुदास भावे ह्यांनीं 1843 सालीं सांगलींत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. त्याच्या स्मरणार्थ 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमिदिन मानला जातो. शिवाय 27 फेब्रुवारीस मराठी भाषा गौरव दिन व 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. मात्र हे बहुतेक दिवस शाळेच्या धामधुमीचे! मुलांना खरी सवड मिळते ती वैशाखांत.

हें वर्म आपल्या पूर्वजांनीं ओळखलें होतें. न्यायमूर्ति रानडे ह्यांनीं 1875 सालीं पुण्यांत वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि उन्हाळ्यास विद्येचा ऋतु केलें. कृष्णाकाठीं वाई येथें लोकमान्य टिळकांच्या नांवाच्या वाचनालयानें तीच परंपरा चालविली. पुढें 4 मे 2017 रोजीं, ऐन सुटींत, पांचगणीजवळील भिलार ‘पुस्तकांचें गांव’ झालें. तेथें कुटुंबांनीं आपल्या राहत्या घरांतल्या खोल्या पुस्तकांस दिल्या. वाचकानें आंत यावें, बसावें, वाचावें. पुस्तकाचा ह्याहून मोठा उत्सव तो कोणता?

ह्याच्या उलट बाजूही कृष्णेनेंच दाखविली. ऑगस्ट 2019 च्या महापुरांत सांगलीच्या जुन्या नगरवाचनालयाच्या ग्रंथसंग्रहाचें मोठें नुकसान झालें. भिजलेल्या ग्रंथांपैकीं जे कोणीं वाचले होते, ते निदान वाचकाच्या मनांत उरले. न वाचलेले मात्र समूळ गेले.

म्हणून वाचनालयांच्या चालकांस आमची विनंति अशी: आगरकरांच्या जयंतीस त्यांचे निबंध मेजावर मोकळे मांडावे, रंगभूमिदिनीं नाटकें हातोहात द्यावीं. 23 एप्रिल ह्या जागतिक पुस्तकदिनापासून शाळा उघडेपर्यंत मुलांस एकाऐवजीं चार पुस्तकें न्यावयास द्यावीं, आणि तीं त्यांचीं त्यांना निवडूं द्यावीं. पुस्तकें थोडीं फाटतील, कांहीं उशिरां परत येतील. तेवढा तोटा सोसण्यासारखा आहे.