व्हर्जन कंट्रोलच्या आधीचा माणूस

जुन्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल२' आणि 'खरंच_फायनल' अशा तीन फायली कधी सापडल्यात? मला गेल्या महिन्यात सापडल्या. कुणी, कधी, काय बदललं, याची कुठेच नोंद नाही. दोन दिवस डोकं फोडून घेतलं. तेव्हापासून श्टेफान कुटनर हा माणूस मनातून जात नाहीये.

मध्ययुगीन युरोपात लग्न कधी वैध, बिशप कसा निवडायचा, असले प्रश्न चर्चचा कायदा, म्हणजे 'कॅनन लॉ', सोडवायचा. ११४० च्या सुमारास बोलोन्यात ग्रेशियनने शतकानुशतकांचे एकमेकांना छेद देणारे नियम गोळा करून त्यांचा मेळ घातला. जवळपास ४,००० उतारे! छपाई नव्हतीच. हाताने नकला व्हायच्या, समासात टिपा वाढायच्या, कधी टीपच मजकुरात शिरायची. थोडक्यात, आमचाच फोल्डर. :)

कुटनर १९०७ साली बॉनला जन्मले. घराणं मूळचं ज्यू. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि या तरुण कायदेपंडिताला जर्मनी सोडावी लागली. रोममध्ये, व्हॅटिकनच्या ग्रंथालयात, आसरा मिळाला. तिथे त्यांनी आधी काय केलं? यादी! ग्रेशियननंतरच्या शतकभरात कायद्यावर कोणती भाष्यं झाली, त्यांची हस्तलिखितं कुठल्या गावी आहेत. १९३७ ची ही सूची या विषयाचा पाया ठरली.

१९४० मध्ये पुन्हा पळापळ, या वेळी अमेरिकेला. १९५५ साली त्यांनी वॉशिंग्टनमध्ये संशोधनसंस्था काढली, युरोपभरच्या हस्तलिखितांच्या मायक्रोफिल्म जमवल्या. पुढे ते येलला गेले, मग बर्कलीला, आणि संस्थाही त्यांच्यामागून. आज तिला त्यांचंच नाव आहे.

कुटनर १९९६ मध्ये गेले. त्याच सुमारास अँडर्स विनरोथ या तरुण अभ्यासकाने दाखवून दिलं की काही हस्तलिखितं ग्रेशियनचा संक्षेप नसून आधीची, बरीच छोटी आवृत्ती आहेत. २००० साली त्याचं पुस्तक आलं. म्हणजे साडेआठशे वर्षांनी 'व्हर्जन १' सापडलं!

असे शोध लागतात, कारण कुठल्या कपाटात काय आहे हे आधी कुणीतरी निमूटपणे लिहून ठेवलेलं असतं. दोनदा देश सुटलेल्या माणसाने तेच केलं. आणि मला तीन फायलींची नोंद लिहायचा कंटाळा येतो!

सोमवारी लिहितो. नक्की.