५ जून १९७७ : नैरोबीतली सात रोपे

केनियाची राजधानी नैरोबीत, जागतिक पर्यावरण दिनी, वांगारी माथाई यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय महिला परिषदेची मिरवणूक कामुकुंजी बागेत पोहोचली. तिथे सात रोपे लावली गेली. 'ग्रीन बेल्ट' चळवळीची ही सुरुवात.

वृक्षारोपणाचे कार्यक्रम जगभर होतात, आकडेही जाहीर होतात. पण ते बहुतेक लावलेल्या झाडांचे. माथाईंच्या चळवळीने मोबदला दिला तो जगलेल्या रोपाचा. रक्कम किरकोळ, पण ती थेट खेड्यातल्या बाईच्या हातात पडे. त्यामुळे रोप लावून कुणी पाठ फिरवली नाही. वनशास्त्राची पदवी नसलेल्या या बायकांनी फुटक्या मडक्यांत, जुन्या डब्यांत बी रुजवले आणि गावोगावी रोपवाटिका उभ्या केल्या. सरपण आणि पाणी यांसाठी रोज पायपीट करणाऱ्यांनाच झाडाची किंमत नेमकी ठाऊक असते, हे माथाईंनी ओळखले, आणि आजच्या कोणत्याही हरित योजनेने त्यांच्याकडून आधी हेच शिकावे.

पुढे केनियात कोट्यवधी झाडे उभी राहिली. २००४ मध्ये माथाईंना शांततेचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी महिला.