पेशीच्या दारावरचा दोष

हृदयविकार म्हणजे उतारवयातला, तूप-लोणी जास्त झाल्याचा आजार, अशी आपली समजूत असते. मग तो सहा वर्षांच्या मुलीला कसा होईल?

१९६८ च्या सुमारास अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या दोन तरुण डॉक्टरांनी सहा आणि आठ वर्षांची अशी दोन भावंडं पाहिली. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात कोलेस्टेरॉल साधारण २०० मिलिग्रॅमच्या आत असतं. या रोगाच्या मुलांत ते ६०० ते १००० पर्यंत जातं आणि विशीच्या आतच हृदयविकार गाठतो.

रोग घराण्यात चालतो हे ओस्लोच्या कार्ल म्युलर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीसच दाखवलं होतं. बैरूतच्या खचादुरियन यांनी १९६४ मध्ये लेबनॉनमधल्या नात्यात लग्नं होणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. सदोष जनुक एकाच पालकाकडून आलं तर कोलेस्टेरॉल साधारण दुप्पट, दोघांकडून आलं तर चौपट. वर्गात आपण गुलबाक्षीची लाल, गुलाबी आणि पांढरी फुलं सांगतो. तसाच हा प्रकार. (हे उदाहरण अकरावी-बारावीच्या मुलांना जरूर द्यावं. अपूर्ण प्रभाविता फक्त फुलांतच असते, असं त्यांना वाटत राहतं.)

पण हे जनुक करतं काय?

डलास येथे १९७२ मध्ये एकत्र आलेल्या या जोडीचा पहिला अंदाज चुकला. पेशी स्वतः कोलेस्टेरॉल बनवते आणि त्या कामाचा वेग एका विकरावर अवलंबून असतो. बाहेरून कोलेस्टेरॉल मिळालं की विकर थंडावतं. रोग्यांमध्ये हे विकरच बिघडलं असावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्वचेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. निरोगी पेशींना एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, दिले की विकर मंदावे. रोगी पेशींत ते ४० ते ६० पट जोरात चाले, आणि कितीही एलडीएल घातलं तरी ढिम्म.

अंदाज खरा ठरल्यासारखंच वाटत होतं. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. एलडीएलऐवजी नुसतं कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून पेशींना दिलं. अशा रूपात ते पेशीच्या आवरणातून आपोआप आत झिरपतं. रोगी पेशींतलं विकरही मुकाट्याने मंदावलं!

समजा, नळाला पाणी आलं की घरातलं माणूस विहिरीचा रहाट थांबवतं. एका घरी रहाट थांबतच नाही. माणूस हट्टी आहे की काय? खिडकीतून चार घागरी आत दिल्या, तर त्यानं रहाट लगेच सोडला. म्हणजे माणूस ठीक होता. नळाची जोडणीच नव्हती. पाणी रस्त्यावर साचत होतं. मला स्वतःला या साऱ्या कथेत नोबेलपेक्षा या घागरींचंच अप्रूप जास्त आहे.

१९७४ मध्ये एलडीएलला किरणोत्सारी आयोडीन जोडून त्यांनी पाहिलं. निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर ते घट्ट चिकटलं, दोन्ही जनुकं सदोष असलेल्या रोग्यांच्या पेशींवर नाही. एलडीएलला धरून आत घेणारं ग्राही प्रथिनच तिथे नव्हतं. १९८५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. बहुतेक ग्राही यकृतात असतात. म्हणूनच १९८४ मध्ये पिट्सबर्ग येथे अशाच एका सहा वर्षांच्या मुलीला हृदयासोबत नवं यकृतही बसवलं, तेव्हा तिचं हजारावरचं कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास उतरलं.

एकच सदोष जनुक असलेली माणसं दुर्मीळ नाहीत, अडीचशे-तीनशेंत एक. जपानच्या अकिरा एन्डो यांनी बुरशीतून शोधलेल्या स्टॅटिन औषधांचा त्यांना उपयोग होतो. स्टॅटिन त्या विकराला अडवतं, तहानलेली यकृतपेशी मग चांगल्या जनुकाकडून जास्त ग्राही बनवून घेते. दोन्ही जनुकं निकामी असलेल्या मुलांना मात्र त्याचा फारसा लाभ होत नाही.

२००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत वेगळाच दोष सापडला. पीसीएसके-९ हे प्रथिन ग्राहींचा नाश घडवतं, आणि या लोकांत ते अतिउत्साही होतं. डलासच्याच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला : हे जनुक निकामी असलेली माणसं कशी असतील? २००६ मध्ये त्यांना उत्तर मिळालं. अमेरिकेतल्या अशा कृष्णवर्णीय लोकांत एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं, हृदयविकार मात्र ८८ टक्क्यांनी कमी. औषधाने तेवढंच एलडीएल पाच वर्षं उतरवून इतका फरक पडत नाही. ही माणसं जन्मापासूनच कमी एलडीएलवर जगत आली होती.