इंडोनेशियातील कुराणपठण स्पर्धा आणि समाजाश्रय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इंडोनेशियातील ‘मुसाबका तिलावतिल कुराण’ या राष्ट्रीय स्पर्धेचा इतिहास सामान्यतः १९६८ पासून, म्हणजे माकास्सार येथे रमजान महिन्यात झालेल्या पहिल्या स्पर्धेपासून सांगितला जातो. हा आरंभ शासकीय होय. स्पर्धेस लागणारा प्रशिक्षित कंठ मात्र समाजाने त्यापूर्वीच घडविला होता, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

पसांत्रेन ही निवासी धर्मशाळा, गावची मशीद आणि गुरूचे घर ही या शिक्षणाची मूळ केंद्रे. १९५१ मध्ये नहदलतुल उलेमाच्या छायेत पठणकारांची व हाफिजांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. स्पर्धांच्या विकासासाठी शासकीय संस्था निघाली ती १९७७ मध्ये. हा पाव शतकाचा फरक पुरेसा बोलका आहे.

मग शासनाने या परंपरेस राष्ट्रीय व्यासपीठ का दिले? मशुमी या इस्लामी पक्षावर १९६० मध्ये आलेली बंदी सुहार्तो राजवटीने उठविली नाही. १९७३ मध्ये उर्वरित मुस्लिम पक्ष एकत्र करण्यात आले. पक्षापेक्षा पठण राजवटीला अधिक सोयीचे वाटले असावे. तथापि, स्पर्धेचे श्रेय केवळ राजकीय हिशेबास देणे हा गावोगावच्या गुरूंवर अन्याय ठरेल.

कारण हे शिक्षण कष्टाचे आहे. प्रथम तज्वीद, म्हणजे अक्षरांचे उच्चारस्थान व दीर्घत्व यांचे नियम. नंतर श्वासावर ताबा. त्यानंतर बयाती, हिजाज, रास्त इत्यादी अरबी मकाम. गुरू एक वाक्यांश म्हणतो, शिष्य तो पुन्हापुन्हा म्हणतो. (आपल्याकडील तालमीची आठवण येथे सहज होते.) इजिप्तमधील पठणकारांच्या ध्वनिफितींनी पुढे यात भर घातली. १९८० च्या दशकात योग्यकर्ताजवळील कोतागेदे येथे असद हुमाम यांनी ‘इक्रो’ या सहा पुस्तिकांची पद्धती रूढ केली. अक्षरांची नावे न घोकता थेट वाचन शिकविणारी ही पद्धती स्पर्धेसाठी नव्हती. परंतु स्पर्धेस लागणारा बालवाचकवर्ग तिने तयार केला.

मुलींचा सहभाग विशेष उल्लेखनीय आहे. जकार्ता येथे १९७७ मध्ये स्त्रियांसाठी कुराणविद्येची स्वतंत्र उच्चशिक्षण संस्था स्थापन झाली. १९८० मध्ये मारिया उल्फा यांनी मलेशियातील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

गाव, जिल्हा, प्रांत अशा पायऱ्यांनी स्पर्धक वर जातो, तसतशी प्रतिष्ठा प्रांताची होत जाते. त्यातूनच अन्य प्रांतांतील तयार पठणकार आपल्या नावावर उतरविण्याची प्रथा निर्माण झाली. अशा वेळी पदक एका प्रांताच्या खात्यात जमा होते आणि ज्या गावाने तो कंठ घडविला, त्याची नोंद कोठेच राहत नाही.