मदत घ्यावी, पण सूत्रे कोणाच्या हाती?

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब आणि चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर. म्हणजे मान्यवरांची मदत घेतली, कारभार मात्र समाजाकडेच ठेवला. १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. नगरपालिकेने त्याला दरमहा ४० रुपये दिले.

पुणे करारानंतर १९३२ मध्ये निघालेल्या अस्पृश्यता निवारण संघात नेमके उलटे घडले. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सचिव अमृतलाल ठक्कर. कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्या, नागरी हक्कांसाठी मोहीम काढा, असे बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबरच्या पत्रात ठक्करांना कळवले. त्या पत्राची साधी पोचही आली नाही. गांधीजींच्या लेखी हे सवर्णांचे प्रायश्चित्त होते, म्हणून सूत्रेही सवर्णांकडेच. बाबासाहेब त्यातून बाहेर पडले.

आज वस्तीतले बचत गट, विहारातल्या अभ्यासिका, मंडळे यांना उभे करणे ही आपल्यातल्या अनेकांची नोकरी आहे. पगार घेण्यात कमीपणा नाही. वसतिगृहही पैशावाचून चालले नव्हते. पण ठराव कोण लिहितो? हिशेब कोणापुढे मांडला जातो, देणगीदारापुढे की वस्तीपुढे? प्रकल्प संपून आम्ही निघून गेलो, तर मंडळ स्वतः धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब भरू शकेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आम्ही संघटना बांधली नाही, फक्त आमची नोकरी टिकवली.

जय भीम!