बुडापेस्ट येथील 'क्वीन'चा कार्यक्रम (१९८६) : एका ध्वनिचित्रफितीची साधन-चिकित्सा

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, ताम्रपट, शिलालेख, नाणी यांचीच आठवण प्रथम होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाने या साधनांत चलच्चित्राची व ध्वनिमुद्रणाची भर घातली, आणि १९८० नंतर तर घरी बसून पाहावयाच्या व्हिडिओ कॅसेटी बाजारात विपुल प्रमाणात येऊ लागल्या. यांतील संगीताच्या कार्यक्रमांच्या फिती केवळ करमणुकीचा माल म्हणून अभ्यासकाच्या नजरेतून निसटतात. ही उपेक्षा योग्य नव्हे, हे एका उदाहरणाच्या आधारे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. 'क्वीन' या इंग्रज रॉक वाद्यवृंदाने २७ जुलै १९८६ रोजी बुडापेस्टच्या नेपश्तादियोन या क्रीडागारात केलेल्या कार्यक्रमाची फीत, हे ते उदाहरण होय.

प्रथम घटना पाहू. 'क्वीन'ची स्थापना लंडनमध्ये १९७० साली झाली. गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे आणि तालवादक रॉजर टेलर यांना पुढील वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला, व तेव्हापासून हा चौघांचा संच बदलला नाही. १३ जुलै १९८५ रोजी 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या कार्यक्रमात मिळालेल्या यशाने त्यांना नवा हुरूप आला. पुढील वर्षी त्यांनी युरोपचा दौरा काढला. तो ७ जूनला स्टॉकहोम येथे सुरू झाला आणि ९ ऑगस्टला इंग्लंडमधील नेबवर्थ येथे संपला. या दौऱ्यात व्हिएन्नाचे कार्यक्रम आटोपून मंडळी डॅन्यूब नदीच्या मार्गाने जलयानातून बुडापेस्टला पोचली.

ज्या क्रीडागारात कार्यक्रम झाला त्याच्या नावाचा अर्थ 'जनतेचे क्रीडागार' असा आहे. ते १९५३ साली खुले झाले, आणि पुढच्याच वर्षी तेथे हंगेरीच्या फुटबॉल संघाने इंग्लंडचा ७-१ असा पराभव केला. तेथे १९८६ साली सुमारे ८०,००० श्रोते इंग्रज गायकाला ऐकण्यासाठी जमले. कार्यक्रमाच्या अखेरीस तो राजमुकुट व झूल धारण करून रंगमंचावर आला आणि इंग्लंडच्या राष्ट्रगीताचे ध्वनिमुद्रण वाजविले गेले. 'लोकगणराज्य' म्हणविणाऱ्या देशात, जनतेच्या नावाने उभारलेल्या वास्तूत हे घडले, याची नोंद अभ्यासकाने अवश्य घ्यावी.

हे शासनाच्या नकळत घडले असे मात्र समजू नये. यानोश कादार यांच्या राजवटीत सांस्कृतिक धोरणाची सूत्रे दीर्घकाळ ज्यांच्याकडे होती त्या आत्सेल यांच्या पद्धतीनुसार कलाकृतींचे तीन वर्ग मानले जात : पुरस्कृत, सह्य आणि निषिद्ध. पाश्चात्त्य रॉक संगीत हळूहळू तिसऱ्या वर्गातून दुसऱ्यात सरकले होते. हंगेरी १९८२ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची सभासद झाली होती, आणि 'क्वीन'च्या कार्यक्रमानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १० ऑगस्टला, त्याच राजधानीलगत फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत भरविण्यात आली. १९५६ च्या उठावाला त्या वर्षी तीस वर्षे पूर्ण होत होती. पश्चिमेकडे उघडलेली दारे दाखविणे ही त्या राजवटीची गरज होती, आणि सदर कार्यक्रम त्या गरजेत चपखल बसला.

याचा सबळ पुरावा खुद्द चित्रीकरणात आहे. ते इंग्रज दूरचित्रवाणीने नव्हे, तर माफिल्म या हंगेरीच्या सरकारी चित्रपटसंस्थेने केले. दिग्दर्शक यानोश झोम्बोयाई यांनी १७ कॅमेरे लावून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रण केले. तयार झालेल्या चित्रपटात गाण्यांच्या मध्ये शहरात हिंडणारे वादक व बुडापेस्टची दृश्ये गुंफलेली आहेत. म्हणजे हा केवळ संगीताचा पट नसून एका राजधानीने स्वतःचे करून घेतलेले चित्रही आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस तो हंगेरीतील चित्रपटगृहांत दाखविण्यात आला. १९८७ च्या प्रारंभी तोच पट पश्चिमेत व्हिडिओ कॅसेटच्या रूपाने विक्रीस आला. पुढे २०१२ साली मूळ फिल्मवरून त्याचे नव्याने संस्करण होऊन तो पुन्हा चित्रपटगृहांत व नंतर तबकड्यांवर आला.

येथे आपल्या इतिहास-परंपरेतील एक भेद उपयोगी पडतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडात बखरींच्या विश्वसनीयतेची कठोर तपासणी केली आणि अस्सल पत्रांचा पुरस्कार केला. कॅमेऱ्याने टिपलेले असल्यामुळे प्रसिद्ध झालेली फीत अस्सल पत्रासारखी भासते. वस्तुतः ती बखरीच्या जातीची आहे. अस्सल कागदाच्या तोडीचे स्थान द्यावयाचेच तर ते संकलनापूर्वीच्या मूळ रिळांना द्यावे लागेल. बुडापेस्टच्या चित्रपटात कार्यक्रमातील सर्व गीते नाहीत. त्याच दौऱ्यात १२ जुलै १९८६ रोजी लंडनच्या वेम्ब्ली क्रीडागारात झालेल्या कार्यक्रमाची कॅसेट १९९० साली निघाली ती सुमारे सव्वा तासाची होती. समग्र कार्यक्रम तबकडीवर आला तो २००३ साली. एकाच संध्याकाळच्या या दोन प्रती तेरा वर्षांच्या अंतराने निघाल्या. केवळ पहिली पाहिलेल्या अभ्यासकाचे निष्कर्ष अपुरे ठरणार, हे उघड आहे.

परंतु बखर म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. बखर ज्या काळी लिहिली गेली त्या काळाची ती उत्तम साक्षीदार असते, आणि हाच न्याय येथे लागू करावयास हवा. १९८६ चा पट हंगेरियन शासनाची प्रतिष्ठा सांगतो. १९८७ ची कॅसेट पाश्चात्त्य ग्राहकाला पोलादी पडद्यापलीकडचे कुतूहल विकते. २०१२ ची आवृत्ती स्मारक आहे. कारण मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी निवर्तला होता आणि १९८६ चा दौरा हा त्याचा अखेरचा दौरा ठरला होता. प्रत्येक वेळी चित्र तेच असले तरी त्याचा अर्थ तोच राहिला नाही.

या अर्थांतराने दोन भ्रम उत्पन्न होतात. पहिला अग्रक्रमाचा. पोलादी पडद्यामागील हा पहिलाच मोठा पाश्चात्त्य कार्यक्रम, असे सरसकट म्हटले जाते. वास्तविक १९६७ साली 'रोलिंग स्टोन्स' वॉर्सा येथे गायले होते. १९७९ साली एल्टन जॉन यांनी लेनिनग्राड व मॉस्को येथे कार्यक्रम केले. 'आयर्न मेडन'ने १९८४ साली पोलंड-हंगेरीचा दौरा करून त्याची फीतही प्रसिद्ध केली होती. खुद्द नेपश्तादियोनमध्ये लुई आर्मस्ट्राँग यांचे जॅझ १९६५ सालीच झाले होते. तेव्हा 'क्वीन'चे वैशिष्ट्य पहिलेपणात नसून व्याप्तीत आणि राज्यसंस्थेने केलेल्या जतनात आहे.

दुसरा भ्रम अधिक गंभीर आहे. मे १९८९ मध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाच्या सीमेवरील कुंपण काढण्यास आरंभ केला, आणि २३ ऑक्टोबर १९८९ रोजी तेथे नवे गणराज्य घोषित झाले. आजचा प्रेक्षक १९८६ च्या त्या जनसमुदायात १९८९ ची चाहूल पाहतो. मर्क्युरीने एक हंगेरियन लोकगीत तळहातावर शब्द लिहून घेऊन म्हटले व श्रोत्यांनी त्याला साथ दिली, हा प्रसंग विशेषेकरून असा वाचला जातो. मर्क्युरीचा जन्म झांझिबारच्या पारशी कुटुंबातला, शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतले. तेव्हा परक्या भाषेचा संकोच त्याला नसावा, असे आपणासही म्हणावेसे वाटते. पण फितीत दिसते ते इतकेच : एका पाहुण्याने यजमानांचे गीत म्हटले व यजमान हेलावले. उत्तरकालीन घटना पूर्वकालीन घटनेचा हेतू ठरू शकत नाही. ज्या शासनाने दार किलकिले केले त्याने ते स्वतः टिकून राहण्यासाठी केले होते.

अखेरीस जतनाविषयी. वेम्ब्लीचे चित्रण दूरचित्रवाणीच्या व्हिडिओ फितीवर झाले. तिची चित्रस्पष्टता त्या तंत्राच्या मर्यादेतच राहिली. बुडापेस्टचे चित्रण सरकारी संस्थेच्या फिल्मवर झाले, म्हणून पाव शतकानंतरही त्यातून अधिक तपशील काढता आला. नेबवर्थचा कार्यक्रम मर्क्युरीसह झालेला अखेरचा. त्याचे समग्र चित्रण मात्र प्रसिद्ध झालेले नाही. नेपश्तादियोनची जुनी वास्तू पाडली गेली आणि २०१९ साली त्या जागी नवे क्रीडागार उभे राहिले. ज्या राजवटीने हा पट काढविला ती गेली, ती वास्तूही गेली; फिल्म राहिली. काय उरावे हे घटनेच्या महत्त्वावर ठरत नाही, हा धडा दफ्तरखान्यात काम केलेल्या कोणासही नवा नाही.

तात्पर्य, अशी फीत पुरावा म्हणून वापरणाऱ्या विद्यार्थ्याने ती कोणत्या वर्षीची आवृत्ती आहे, मूळ चित्रण कोणाच्या खर्चाने झाले, संकलनात काय गाळले आणि ती कोणत्या ग्राहकासाठी निघाली, या चार गोष्टी प्रथम नोंदवाव्यात. त्यानंतरच त्या ८०,००० श्रोत्यांच्या मनाविषयी लिहावे, आणि तेही बेताने.